चेहरा मुलाचा, हुकूम सगळ्यांचा

मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की मुसलमान घरात एक विषय निघतोच, तो म्हणजे त्याचा चेहरा. दाढी येऊ लागली आहे, ठेवायची की काढायची? केस किती वाढू द्यायचे? जुम्याची टोपी नमाजनंतर खिशात घालायची की डोक्यावर राहू द्यायची? मुलगी असेल तर ओढणी, स्कार्फ, बुरखा आणि त्यांच्या जोडीला रंग. मामू एक सांगतात, मस्जिदीतले बुजुर्ग दुसरं, वर्गशिक्षक तिसरं आणि मोबाईल चौथं. ज्याचा चेहरा आहे त्याला सहसा कोणी विचारत नाही.

मी नांदेडमध्ये उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवते. माहेर लातूरचं. मुलगा बारावीला आहे, ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला माझ्या भावाकडे राहतो. मुलगी नववीत, माझ्याजवळ. त्यामुळे हा प्रश्न मला वर्गातही भेटतो आणि घरातही. पालकसभेला येणाऱ्या अम्मी-अब्बांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “मॅडम, आजकल के बच्चे सुनतेच नै.” आजकालची मुलं ऐकत नाहीत ही तक्रार खरी मानली, तरी चेहऱ्याचा हा झगडा आजकालचा नाही. आपल्या मराठवाड्यात तर तो किमान तीन-चार पिढ्यांचा आहे. तो इतिहास आपण मुलांना सांगत नाही, म्हणून प्रत्येक मुलाला वाटतं की हे फक्त माझ्याच वाट्याला आलं.

रूमी टोपीचा प्रवास

माझ्या पिढीने रूमी टोपी जुन्या फोटोंतच पाहिली. लाल, उभी, वर काळा गोंडा. निजामाच्या काळातला शिकलेला मुसलमान म्हटलं की ही टोपी आणि शेरवानी डोळ्यांसमोर येते. पुष्कळांना वाटतं की ती इस्लामच्या सुरुवातीपासून चालत आली असावी. प्रत्यक्षात तिचं वय फार नाही.

उस्मानी सुलतान महमूद दुसरा याने १८२६ मध्ये जानिसारी ही जुनी फौज मोडीत काढली. नव्या धर्तीची फौज उभारली आणि तिला फेझ ही टोपी दिली. १८२९ मध्ये त्याने सरकारी नोकरांनाही तीच सक्तीची केली. त्याआधी पगडीच्या आकारावरून, रंगावरून माणसाचा हुद्दा आणि धर्म ओळखू येई. सुलतानाला ते मोडायचं होतं. सगळे सरकारी नोकर एकसारखे दिसावेत, राज्य आधुनिक दिसावं, हा त्याचा हेतू. उलेमांना तेवढी पगडीची मुभा राहिली. म्हणजे ज्या टोपीला आपण जुन्या वळणाची म्हणतो, ती आली तेव्हा सरकारी ‘मॉडर्न ड्रेस’ होती.

हिंदुस्तानात ती रुजवण्यात अलीगढचा वाटा मोठा. सर सय्यद अहमद खान यांच्या कॉलेजात तुर्की टोपी आणि काळा कोट हा विद्यार्थ्यांचा पोशाख झाला. नव्या शिक्षणाची ती निशाणी होती. हीच टोपी हैदराबाद संस्थानात आली, रुळली, आणि शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या डोक्यावरही दिसू लागली.

आता गंमत बघा. इकडे हैदराबादेत ती इज्जतीची टोपी होत होती आणि तिकडे तुर्कस्तानात नोव्हेंबर १९२५ मध्ये मुस्तफा कमालच्या सरकारने कायदा करून तिच्यावर बंदी घातली. फेझ घालणं गुन्हा ठरलं, हॅट आधुनिक ठरली. विरोध करणाऱ्या काहींना फासावर जावं लागलं. खिलाफत त्याआधीच, मार्च १९२४ मध्ये बरखास्त झाली होती आणि उस्मानी घराण्याला देशाबाहेर काढलं गेलं होतं. त्याच घराण्यातल्या दुर्रुशहवार आणि निलोफर या दोघींचं लग्न १९३१ मध्ये निजामाच्या दोन मुलांशी झालं. त्या सासरी आल्या तेव्हा माहेरी बंदी असलेली टोपी इथे दरबारात मानाने मिरवत होती.

एकाच टोपीची शंभर वर्षांच्या आत सक्तीही झाली आणि बंदीही झाली, आणि दोन्ही हुकूम मुसलमान राज्यकर्त्यांचे होते. कुराणात ती नव्हती, हदीसमध्ये नव्हती. ती रिवाजाची गोष्ट होती आणि रिवाज सत्तेच्या मागे चालत आला. वर्गात हे सांगितलं की मुलं आधी हसतात आणि मग गप्प होतात.

शेरवानी संदुकीत गेली

शेरवानीची गोष्ट थोडी वेगळी. हैदराबाद संस्थानात ती फक्त मुसलमानांची नव्हती. दफ्तरात काम करणारे, वकिली करणारे, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकणारे हिंदूही ती घालत. संस्थानाचे पंतप्रधान राहिलेले महाराजा किशनप्रसाद हे उर्दूत ‘शाद’ नावाने शायरी करत. त्या जगात शेरवानी ही शिकलेल्या, पोहोचलेल्या माणसाची खूण होती. ज्या रयतेच्या अंगावर धड कपडा नव्हता तिचं त्या जगात काय स्थान होतं, हेही विसरता येणार नाही. तो पोशाख सत्तेचा होता.

मग कासिम रझवी आले. लातूरला वकिली करणारे हे गृहस्थ रझाकारांचे पुढारी झाले. रझाकारांनी गावोगाव जे केलं, लुटालूट, जाळपोळ, खून, त्याच्या आठवणी मराठवाड्यातल्या हिंदू घरांत आजही सांगितल्या जातात आणि त्या खऱ्या आहेत. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार मारलं गेलं, हेही तितकंच खरं. पण गावातल्या माणसाच्या मनात रझवींची टोपी आणि दाढी हीच सगळ्या मुसलमानांची टोपी आणि दाढी झाली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा स्वतंत्र झाला. दरवर्षी त्या दिवशी आम्ही शाळेत झेंडावंदन करतो, मीही मुलांकडून मुक्तिसंग्रामावर भाषणं बसवून घेते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं विद्यापीठ आमच्या नांदेडला आहे. तो लढा सरंजामी सत्तेविरुद्धचा होता आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे.

त्यानंतरचे काही आठवडे मात्र भाषणात येत नाहीत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून अहवाल तयार केला. त्यात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. रझवींच्या या गावात वीस दिवसांहून जास्त मारकाट चालली आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार तिथे उरल्याचं समितीला आढळलं. सक्तीच्या धर्मांतरांची नोंदही अहवालात आहे. आणि आणखी एक नोंद आहे, जी मी मुद्दाम सांगते: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जीव धोक्यात घालून वाचवलं. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

त्या दिवसांत चेहरा हा जगण्या-मरण्याचा प्रश्न झाला होता. कोण रझाकार आणि कोण साधा शेतकरी, कोष्टी, कारकून, हे विचारायला कोणी थांबत नव्हतं. जे दिसत होतं त्यावरून फैसला होत होता.

नानांनी काय ऐकलं आणि काय ऐकलं नाही

माझे नाना तेव्हा पंधरा वर्षांचे होते. औसा तालुक्यातल्या एका गावात त्यांचे अब्बा निजामाच्या दफ्तरात कारकून. नाना रूमी टोपी घालून शाळेत जात, तिचा गोंडा कसा उडायचा ते म्हातारपणीही हाताने करून दाखवत. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी त्यांच्या अब्बांनी स्वतःची शेरवानी आणि दोघांच्या टोप्या उचलल्या आणि संदुकीत ठेवल्या. अम्मीने नानांना शेजारच्या घरातून आणलेलं धोतर नेसवलं. दुसऱ्या दिवशी अब्बांचा चेहरा साफ होता. शेजारच्या पाटलांनी त्यांना तेरा दिवस कडब्याच्या गंजीमागे आणि मग माडीवर ठेवलं, म्हणून ते घर वाचलं.

नाना हे सांगत तेव्हा पाटलांचं नाव आदराने घेत. रडत नसत. फक्त एका गोष्टीवर अडकत. “अब्बा कुछ बोले नै. बस टोपी उठाको संदूक में रख दिये. मेरेकू लगा टोपीच खराब थी.”

पुढे नोकरी गेली, दफ्तराची भाषा उर्दूची मराठी झाली, कुटुंब लातूरला आलं. नाना मराठी शिकले, आडतीवर मुनीम झाले. टोपी पुन्हा डोक्यावर आली ती फक्त ईदला आणि जनाज्याला. आपल्या मुलांना ते बाजारात उर्दू बोलू देत नसत. विचारलं तर “अच्छा नै दिखता” एवढंच म्हणत. माझ्या मामूंना वर्षानुवर्षं वाटत होतं की अब्बांना आपल्या जबानीचीच लाज आहे. खरं कारण भीती होतं, लाज नव्हती. पण भीतीला कोणी भीती म्हटलंच नाही, आणि दोन पिढ्यांनंतर ती लाज होऊन बसली.

त्यांच्या अब्बांनी टोपी काढली त्यात काही चूक होतं असं मला अजिबात वाटत नाही. मुलगा जिवंत राहावा यापेक्षा मोठं कर्तव्य बापाला नाही. मला खटकतो तो त्यानंतरचा अबोला. ‘बेटा, टोपीत काही खराबी नाही, बाहेरचे दिवस खराब आहेत’ एवढं एक वाक्य त्या पोराला मिळालं असतं, तर त्याने पुढची सत्तर वर्षं वेगळ्या मनाने काढली असती.

आपण एकटे नाही

दुसऱ्याच्या डोक्यावर, केसांवर, कपड्यांवर हुकूम चालवणं ही काही फक्त मुसलमानांच्या वाट्याला आलेली गोष्ट नाही. महाराष्ट्राचा इतिहास अशा हुकमांनी भरलेला आहे.

ब्राह्मण घरातल्या विधवेचे केस सक्तीने काढले जात. तिच्या मनाविरुद्ध तिचा चेहरा बदलून टाकला जाई आणि त्याला धर्म म्हटलं जाई. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो, कारण नकार वस्तरा धरणाऱ्या हाताने दिला.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर भाषण केलं. अस्पृश्य बायकांनी लुगडं अमुक पद्धतीनेच नेसायचं, अंगावर अमुकच दागिने घालायचे, अशी गावची रीत होती. त्यावरून लांबूनच जात ओळखू यावी हा तिचा हेतू. बाबासाहेबांनी ही ओळखीची निशाणी टाकून द्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी बायका वेगळ्या पद्धतीने लुगडं नेसून आल्या. म्हणजे एखादी खूण टाकणं हाही स्वाभिमान असू शकतो, जर ती दुसऱ्याने लादलेली असेल तर.

आणि आमचे नांदेडचे शीख. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग इथे गोदाकाठी विसावले. सचखंड हुजूर साहिबच्या आसपासच्या वस्तीतली मुलं पटका बांधून शाळेत जातात आणि आमच्या मुलांशी दखनीत बोलतात. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत कित्येक शीख बापांनी मुलांचा जीव वाचवण्यासाठी त्यांचे केस कापले. आमच्या १९४८ सारखंच. पण शीख घरांत मला एक फरक दिसतो. लहान मुलाचे केस विंचरताना, जुडा बांधताना आई त्याला त्यामागची गोष्ट सांगत असते. ‘हे का’ याचं उत्तर मुलाला पाठ असतं. त्यामुळे कोणी चिडवलं तर तो चिडतो, पण गोंधळत नाही. आमच्या मुलांना ‘करो’ आणि ‘मत करो’ एवढंच मिळतं.

आजची मुलं काय पाहतात

आमची मुलं बातम्या वाचत नाहीत असं समजू नका. त्यांना सगळं माहीत असतं, अर्धवट का असेना.

जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला सोलापूरच्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारून टाकलं. सोशल मीडियावरच्या कोणाच्या तरी आक्षेपार्ह पोस्टवरून तणाव होता, त्याच्याशी या मुलाचा काही संबंध नव्हता. त्याला दाढी होती आणि तो नमाजहून परतत होता. जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. तेव्हापासून पुण्याला शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाची आई निघताना एकदा त्याच्या दाढीकडे बघते. मी अशा किती तरी आया पाहिल्या आहेत.

२००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका विद्यार्थ्याच्या दाढीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा एका न्यायमूर्तींच्या तोंडून तालिबानचा उल्लेख आला. पुढे त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. आपल्या जालन्यातल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या एका जवानाला २०१२ मध्ये दाढीची परवानगी मिळाली आणि मग काढून घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूतीने विचारलं की दाढीचा आग्रह सोडून नोकरीवर परत जाल का? त्याने नकार दिला. डिसेंबर २०१६ मध्ये हवाई दलातल्या एका कर्मचाऱ्याची दाढीची मागणीही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली होती. गणवेशाच्या सेवेत शिस्त आणि एकसारखेपणा महत्त्वाचा, असं न्यायालयाचं म्हणणं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना हे माहीत असायला हवं. नियम काय आहे ते आधी कळलं तर निर्णय स्वतःचा राहतो, नंतर कळलं तर तो अपमान वाटतो.

मुलींचं तर विचारूच नका. उदगीरहून बिदर दीड-दोन तासांवर. आमच्या कितीतरी मुली तिकडे नांदतात, कितीतरी लेकी तिकडे शिकतात. कर्नाटकात २०२२ मध्ये कॉलेजांच्या दारात हिजाब उतरवायला लावला गेला. मार्चमध्ये उच्च न्यायालयाने बंदी योग्य ठरवली, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी यांवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, पण ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला बऱ्याच अंशी स्थगिती दिली आणि टिळा, टिकलीवर बंदी घालाल का, असा सवाल केला. चेहरा झाकणाऱ्या बुरख्याला वर्गात मुभा मिळाली नाही.

लातूरच्या मुलींना हा प्रश्न ‘नीट’च्या दिवशी भेटतो. २०१५ मध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेला हिजाबची परवानगी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेतली नाही. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने दोन मुलींना महिला पर्यवेक्षिकेकडून तपासणीच्या अटीवर परवानगी दिली. पुढे नियमांतच सोय आली: धार्मिक पोशाख असेल तर केंद्रावर लवकर या, तपासणी होऊ द्या. ही साधी माहिती अनेक पालकांना नसते. ऐन वेळी दारात रडारड होते आणि मुलगी थरथरत्या हातांनी पेपर लिहिते.

घरातला दबाव

बाहेरच्या दबावावर आपण भरभरून बोलतो. घरातल्या दबावावर बोलायची वेळ आली की गप्प बसतो.

दाढीबद्दल हनफी उलेमा साधारणपणे एक मूठ दाढी वाजिब मानतात. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. त्या मस्लकात दाढी काढणं हराम की मकरूह यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. अल्लामा इक्बालांना फक्त मिशी होती. मौलाना आझादांची दाढी आखूड होती. मी आलिमा नाही, फतवा देण्याचा मला हक्क नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाला ‘दाढी नाही तर तू कसला मुसलमान’ असं लग्नाच्या पंगतीत सर्वांदेखत म्हणणं हे कोणत्या मस्लकात बसतं, ते मला कोणी सांगावं. आणि उलटही होतं. मुलाने मनापासून दाढी ठेवली तर घरचेच म्हणतात, “नोकरी कोण देगा? मौलाना बनना है क्या?” दोन्हीकडे चिंता ‘लोग क्या कहेंगे’ची असते. फक्त ‘लोग’ बदलतात.

केसांचंही तेच. बाजूने साफ आणि वर झुपका ठेवणारा ‘फेड’ सध्या नांदेडच्या प्रत्येक सलूनमध्ये मिळतो. डोक्याचा काही भाग भादरून काही तसाच ठेवायला हदीसमध्ये मनाई आहे, त्याला कझअ म्हणतात. ‘फेड’ त्यात येतो का, यावर उलेमा चर्चा करतात. ही चर्चा मुलासमोर ठेवा, तो ऐकतो. कान धरून न्हाव्याकडे नेलं तर पंधरा दिवसांनी केस परत तसेच. २००३ मध्ये ‘तेरे नाम’ आला तेव्हा मधोमध भांग पाडून कपाळावर केस सोडलेली जी मुलं मशिदीबाहेर बोलणी खात होती, ती आज बाप आहेत आणि तीच बोलणी आपल्या मुलांना ऐकवत आहेत.

मुलींच्या रंगाचं पाप तर पूर्ण आपलं. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली, २०२० मध्ये तिने नाव बदललं. आपल्या बायकांनी मात्र भाषा बदलली नाही. रिश्ता बघायला आलेल्या बाईची नजर आधी हातांच्या रंगावर जाते. ज्या दीनमध्ये हजरत बिलाल काबागृहाच्या छतावर चढून अजान देतात, त्या दीनचं नाव घेणाऱ्या घरात नववीतल्या मुलीला उन्हात खेळू नको म्हणून सांगतात. याला धर्म नका म्हणू. हा रिवाजही नाही, हा बाजार आहे.

कशाला काय म्हणायचं

इतका इतिहास उगाळल्यानंतर माझ्या हाती एकच गोष्ट लागते. मुलाला काहीही सांगा, पण त्याचं खरं नाव घेऊन सांगा.

भीती असेल तर भीती म्हणा. ‘बेटा, तू रात्रीच्या गाडीने एकटा जातोयस, मला काळजी वाटते, टोपी बॅगेत ठेव. टोपीत काही वाईट नाही. मी घाबरते आहे.’ असं म्हटल्याने आई लहान होत नाही. मुलगा कदाचित टोपी ठेवेल, कदाचित नाही. पण टोपीची लाज त्याच्या मनात शिरणार नाही. नियम असेल तर नियम म्हणा आणि तो नीट वाचून दाखवा. अन्यायाचा असेल तर अन्यायाचा आहे हेही सांगा आणि त्याविरुद्ध कुठे, कसं बोलता येतं तेही. दीनचा हुक्म वाटत असेल तर दलील द्या, मतभेद असतील तर लपवू नका. रिवाज असेल तर रिवाज म्हणा. आणि फक्त आपली आवड असेल, तर सरळ म्हणा की मला आवडत नाही. मुलांना हे समजतं. त्यांना समजत नाही ते आपलं सोंग, जेव्हा आपण भीतीला शिस्त म्हणतो, बाजाराला काळजी म्हणतो आणि शेजाऱ्यांच्या जिभेला शरीयत म्हणतो.

यातून सगळे प्रश्न सुटतील असं नाही. माझ्या मुलाने सध्या दाढी ठेवली आहे, मामूंना ती पसंत नाही, आणि पुढच्या वर्षी तो कुठे शिकायला जाईल आणि तिथे काय होईल, हे विचार मला रात्री जागं ठेवतात. मुलगी स्कार्फ बांधते, कबड्डीच्या वेळी तो पिनांनी घट्ट करते, आणि कोणी विचारलं तर स्वतः उत्तर देते. मी दोघांना हा सगळा इतिहास सांगितला आहे, टोपीचा, संदुकीचा, न्हाव्यांचा, महाडचा. निर्णय त्यांचा आहे. चिंता माझी आहे आणि ती माझीच राहू द्यावी असा माझा प्रयत्न असतो.

आपल्या घरांत १९४८ पाहिलेले बुजुर्ग आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. येत्या १७ सप्टेंबरला शाळेतलं झेंडावंदन झालं की मुलांना घेऊन त्यांच्याजवळ बसा. त्या वर्षी संदुकीत काय ठेवलं, कोणी लपवलं, कोणी वाचवलं, हे मुलांनाच विचारू द्या. बुजुर्ग सांगतील. त्यांना आजवर कोणी विचारलं नाही, एवढंच.